सशाच्या जबड्याखालची गाठ

अप्पा, तुम्हाला सशाचं सांगायचंय. हसाल तुम्ही, गुरांच्या दवाखान्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या लेकीनं नांदेडात ससा पाळावा! माझी लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिचा ससा माझ्या गळ्यात पडला. मागच्या महिन्यात त्याच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागली, तेव्हापासून जिवाला चैन नाही. उठते, पिंजऱ्याशी जाते, परत येते, पुन्हा उठते.

गाठ लागली आणि रेणापूर आठवलं. लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. साहेब नवे आले, जीप नवी आली, औषधं मात्र उस्मानाबादहून यायची ती येतच नव्हती. जू घासून खांद्याला गाठ आलेला बैल दवाखान्यापुढं उभा आहे. मी जवसाच्या पिठाचं गरम पोटीस घेऊन येते आणि गाठ बोटानं दाबून बघते. तुम्ही हातावर चापट मारता. "कच्च्या गाठीला हात लावायचा न्हाई. पिकू दे." पिकल्यावर तुम्ही चिरलीत, पू भळाभळा वाहिला, आणि संध्याकाळी बैल कडबा खाऊ लागला.

मीही तेच केलं. पोटीस लावत राहिले, वाट पाहत राहिले. गाठ लिंबाएवढी झाली. हनुवटी लाळेनं ओली राहू लागली, गवत तोंडात घेऊन तो टाकून देऊ लागला. तेव्हा घाबरून ऑटोनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीएवढी पोरगी. म्हणाली, "मावशी, सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट राहतो. चिरलं तरी वाहत न्हाई, पिशवीसकट काढावा लागतो. दाढेच्या मुळाशीच सडलंय याच्या. लई उशीर केला तुम्ही."

ती त्याला आत घेऊन गेली आणि बाहेर बाकड्यावर बसून मला तुमचा राग आला. खरंच आला. मग वाटलं, बैलाला ते चालत होतं, शिवाय तुमच्या हाताशी दुसरं होतं तरी काय? तुमची अडचण मी नियम म्हणून इतकी वर्षं जपली.

दाढ काढली, पिशवी काढली. जखम उघडीच ठेवलीय. रोज धुवायची आणि पुन्हा गाठ धरते का ते चाचपायचं. वाचेल की नाही, ती पोरगी अजून सांगत नाही. आज सकाळी त्यानं कोथिंबिरीची एक काडी खाल्ली, आणि मी तिथंच फरशीवर बसून रडले.

पोटीस लावायला कुणी सांगितलं, असं तिनं जरा रागानंच विचारलं होतं. मी शेजारणीचं नाव सांगितलं, अप्पा. तुमचं सांगवेना.