भाचीचं बोट

प्रिय ताई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. डोळ्यात कचरा गेला म्हणून दवाखान्यात गेलो, असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. लेसरने चष्मा घालवून मला जेमतेम नऊ दिवस झाले होते. तू स्वयंपाकघरात होतीस, तुझी लेक माझ्या कडेवर होती आणि खेळता खेळता तिचं बोट थेट माझ्या उजव्या डोळ्यात गेलं. मी हसत तुझा निरोप घेतला, पण जिन्यातच त्या डोळ्यापुढे सगळं धूसर झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवला होता ना, तो सरकलाय. सुरकुत्या पडल्यात. डोळा चोळला नाहीत, हे बरं केलंत."

माझ्यासारख्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा डोळा गेला तर उरलं काय? त्यांनी थेंब टाकून डोळा बधिर केला, पापुद्रा उचलून खालची जागा धुतली, सुरकुत्या काढल्या आणि वर पट्टीसारखी एक लेन्स बसवली.

आज ती लेन्स काढली. तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली, तेव्हा माझ्याआधी बाईच हसल्या.

तुला खरं कळलं तर तू लेकीला माझ्याजवळ फिरकू देणार नाहीस आणि स्वतःला जन्मभर बोल लावत बसशील. रविवारी येतोय. मोठा गॉगल लावून येईन, खुशाल हस. पण तिला कडेवर घेणार म्हणजे घेणारच.

तुझा,
धाकटा