चार पितळी वाट्यांचा बाक

४ जानेवारी, रविवार

नंदाखाल. पाडायला काढलेल्या एका घरातून बाक मिळवला. अस्सल शिसव. सहा फूट चार इंच लांब, पावणेदोन फूट रुंद, एकही खिळा नाही. पाठ नाही — आणि चारही कोपऱ्यांना पितळी वाट्या बसवलेल्या! असा नमुना वसईत दुसऱ्या कुणाच्या घरी नसणार.

म्हातारी फ्लॉसीबाई आडवी आली. "तो नको रे बाबा. तो मी माझ्यासाठी ठेवलाय." फ्लॅटमध्ये गेल्यावर कुठे ठेवणार, विचारलं, तर पुन्हा तेच, माझ्यासाठी ठेवलाय. तिचा मुलगा जेन्सन घर रिकामं करायच्या घाईत, त्यानेच टेम्पोत चढवून दिला. म्हातारी दारात उभी. बाकाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. ज्यांना वस्तू कळत नाही त्यांनाच तिचा लळा फार.

५ जानेवारी

वाट्यांच्या बुडाशी मेण साचलेलं — जुनं पॉलिश. सुईने खरवडून काढलं, दोन तास. वाट्या कशासाठी असाव्यात? दुपारी उलगडलं — पेले ठेवायला! हे मला कुणी शिकवलेलं नाही.

अण्णा खाटेवरून उठून आले. वाटीत बोट फिरवलं. "हा बाक आमच्या आगाशीला शेजारी—"

"अण्णा, मला सगळं ठाऊक आहे. सतरा पुस्तकं वाचलीत मी."

अण्णांनी हात मागे घेतला. बाप असला म्हणून काय झालं, केळीच्या बागेत जन्म घालवलेल्या माणसाने शिसवाबद्दल बोलू नये.

८ जानेवारी

हॉल जमत आलाय. बाकाचं नवं पॉलिशही सुकलं. रंगीत काचांचं कपाट, लंबकाचं घड्याळ, छताला दोन हंड्या. मधोमध अण्णांची लोखंडी खाट. भंगारवाल्याला देऊन टाकली. अण्णा बाकावर झोपतील. पातळ गादी घालायची, सकाळी काढायची.

वसुंधरा म्हणाली, "अहो, कूस बदलली तर पडतील ते." मग बदलू नये. कवळी ठेवायला उशाशी वाटी आहेच.

अण्णा म्हणाले, "ह्याच्यावर झोपू?"

"हो. तुमच्याच मापाचा आहे."

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

११ जानेवारी

अण्णा खरंच कूस बदलत नाहीत. उताणे, हात छातीवर. वसुंधरा उगाच घाबरवते.

१८ जानेवारी, रविवार

जुन्या वस्तूंच्या ग्रुपमधली सहा माणसं आली. अण्णांना आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं. चारही वाट्यांत कोकम सरबताचे पेले ठेवले, पोर्तुगीज साहेबांच्या बैठकीबद्दल सांगितलं. फोटोंवर फोटो.

वसई गावातली सँड्रा मात्र बाकावर बसली नाही. "गुडघे आखडतात हो," म्हणाली आणि दोन तास उभी राहिली! सरबतही प्यायली नाही. जाताना हळूच विचारते, "कुणाच्या घरून आणला?" जळली, दुसरं काय.

१९ जानेवारी

सकाळी जेन्सनचा फोन.

"अंकल, मम्मी गेली. बाक एक दिवस द्या. आमच्या आळीतलं प्रत्येक मयत त्याच्यावरच ठेवलंय, चार कोपऱ्यांना मेणबत्त्या लावून. पप्पांनापण. मम्मी रोज बोलायची, माझ्याच वेळेला नाय."

पॉलिश ओलं आहे, म्हटलं.

"ओलं चालेल, अंकल."

फोन ठेवला. पॉलिश सुकून आठवडा होऊन गेला. पण बाक तिथे गेला की सँड्राला कळणार, आणि तिच्याकडून ग्रुपला. काल त्याच्याच वाट्यांत सरबत ठेवलं होतं मी.

२० जानेवारी

अण्णांना सांगितलं, आजपासून त्यावर झोपू नका. कारणही सांगितलं.

"मी पहिल्याच दिवशी ओळखला," म्हणाले.

"मग बारा रात्री झोपलात कशाला?"

"तू म्हणालास ना, सगळं ठाऊक आहे. मला वाटलं, ठाऊक असूनच निजवतोयस."