आमच्या घरचा थकवा

ता. ४ मार्च

ती. बाबांस ठमीचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही, आईला दोनदा वाचून दाखवा. कालपासून काचेच्या कारखान्यात पुन्हा कटिंगच्या टेबलाशी उभी राहते आहे. पहिल्याच दिवशी एका दुकानाची दर्शनी काच कापली, माझ्याहून उंच, आणि कडेचा एक टवका उडाला नाही. फोरमनबाईंनी कडेवरून नजर फिरवली आणि न बोलता पुढची काच पाठवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नाही.

आता चिडू नका. विमा कंपनीने माझं दवाखान्याचं बिल नाकारलं आहे. तुम्ही बिलाच्या अर्जात ‘थकवा’ लिहिलंत, आणि कंपनी म्हणते, थकव्यासाठी कुणी तीन आठवडे दवाखान्यात राहत नाही. डॉक्टरांनी ‘नैराश्य’ असं लिहून दिलं, तर आता म्हणतात की हा जुना आजार पॉलिसी घेताना तुम्ही लपवलात. म्हणजे थकवा म्हटलं तर आजार नाही, नैराश्य म्हटलं तर आपण लबाड! पॉलिसीच रद्द करणार म्हणे. बाबा, इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात, कधी ‘लिफ्ट दमली आहे’ असा शेरा मारलात का?

विमा लोकपालांकडे मी तक्रार धाडली आहे, पण पॉलिसी तुमच्या नावावर आहे, तेव्हा सुनावणीला तुम्हालाच जावं लागेल. आईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची ठमी

ता. ११ मार्च

चि. ठमीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

काचेचा मजकूर तुझ्या आईने शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवला. पुढचा भाग मी घडी घालून झाकला होता. लिफ्टचा टोला बरोबर बसला, पण लिफ्टला शेजारी नसतात, ठमे.

सुनावणीला मी जाणार नाही. बिल मी भरतो. चार परक्या माणसांसमोर तुझं नाव त्या शब्दाबरोबर घेणं माझ्याच्याने होणार नाही. आणि लपवलं म्हणतात ते साफ खोटं. तू कॉलेजात असताना पहिल्यांदा झालं, ते सगळं पॉलिसीच्या वेळी मी सांगितलं होतं. डॉक्टरांचं नाव दिलं, गोळ्यांची नावं दिली. फक्त आजाराला जरा सभ्य नाव दिलं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमच्यावर राग असला तरी पत्र धाडत जा.

तुझे बाबा

ता. १७ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

अहो बाबा, आपली सगळी बाजू तुम्हीच लिहून पाठवलीत की! डॉक्टर सांगितले, गोळ्या सांगितल्या, मग लपवलं काय? जुन्या आजारासाठी कंपनी जी मुदत थांबायला लावते, तीही केव्हाच उलटली. हे तिथे जाऊन सांगायचं, बस्स.

बिल तुम्ही भराल हो, पण पॉलिसी गेली तर दुसरी कंपनी मला दारात उभं करणार नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले की हा आजार पुन्हा येऊ शकतो. ती धास्ती पैशांच्या धास्तीसकट मला वागवायची नाही.

शब्दाचं म्हणाल तर फोरमनबाईंना मी पहिल्याच दिवशी नाव घेऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की डॉक्टरांकडे कुठल्या वारी जायचं असतं. त्या दिवशी मला लवकर सोडतात. आभाळ काही कोसळलं नाही. मला माझी लाज वाटत नाही. तुम्हाला माझी वाटते का, तेवढं कळवा.

लोभ मागत नाही, उत्तर मागते.

ठमी

ता. २८ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो. तुझी आई बरोबर आली. मी मागे फिरू नये म्हणून असावं.

समोर एक अधिकारी बाई आणि कंपनीचा टायवाला. त्याने विचारलं, खरं नाव तेव्हाच का नाही सांगितलंत? मी म्हणालो, साहेब, आमच्या घरात नैराश्यालाच थकवा म्हणत होते, आणि ते म्हणायला मीच शिकवलं. पॉलिसी घेताना आणि आता, दोन्ही वेळा शब्द तोच, डॉक्टर तेच, गोळ्या त्याच. माझ्या मुलीला नैराश्याचा आजार आहे, असं चांगलं मोठ्याने म्हणालो. आवाज चिरकला नाही. बाईंनी जुने कागद काढायला लावले. त्यात सगळं होतं. बिल कंपनी देणार, पॉलिसी कायम.

टायवाल्याला ते पचलं नाही. उठता उठता म्हणाला, म्हणजे हे पुन्हा उद्भवणार. मी म्हणालो, उद्भवेलही. मग ती पुन्हा दवाखान्यात जाईल, पुन्हा बरी होईल आणि पुन्हा कामावर उभी राहील. बिल भरणं तुमचं काम, बरं होणं तिचं. तिच्या कामात अजून तरी कुणाला खोट काढता आलेली नाही.

लाज नाही, ठमे. छाती फुगली आहे, शर्टाची बटणं तुझ्या आईला दोन वेळा लावावी लागली. आमच्यावर माया राहू दे, तिची आम्हाला गरज आहे.

तुझे बाबा