थोरली पळून गेलेली नाही

प्रति,
मा. बालकल्याण अधिकारी,
बालकल्याण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या दोन्ही भाच्यांना एकत्र ठेवणे व थोरलीच्या बदलीचा आदेश रद्द करणे याबाबत.
संदर्भ : आपले 'भेटी स्थगित' हे पत्र, व त्यावरील माझे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या कामावर आहे. शेजारच्या बांधकामाची भिंत घरावर कोसळून माझा भाऊ आणि वहिनी जागीच गेले. नऊ वर्षांच्या थोरलीने चार वर्षांच्या धाकटीला पलंगाखाली ओढले, म्हणून दोघी वाचल्या. ढिगारा उपसणाऱ्यांना त्यांचे हात एकमेकींच्या हातांतून सोडवता सोडवेनात. आपल्या कार्यालयाला ते एका सहीत जमले.

२. मी नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहते. तेथे मुले ठेवू देत नाहीत. म्हणून खोली मिळेपर्यंत मुली आपल्याकडे सोपवल्या. "दोघी एकत्रच राहतील, काळजी करू नका," असे आपण स्वतः मला समोर बसवून म्हणाला होतात. नंतर कळले की धाकटी शिशुगृहात आणि थोरली बालगृहात, शहराच्या दोन टोकांना. एकीकडे थोरली मोठी पडते, दुसरीकडे धाकटी लहान पडते. जुळ्या मुली जन्माला घातल्या नाहीत ही वहिनीची चूक झाली. जाब विचारायला ती आता नाही.

३. महिन्याला दोघी बहिणींना एकमेकींची एक भेट मिळे. भेटीनंतर धाकटी रडे, जेवत नसे. समुपदेशक बाईंनी शेरा मारला : भेटीमुळे बालिकेस त्रास होतो, सबब भेटी स्थगित. मी विचारले, आईबाप गेलेल्या लेकराने रडायचे नाही तर काय करायचे? बाई म्हणाल्या, "रडणं थांबू दे, मग बघू." रडणे थांबले. त्याबरोबर बोलणेही थांबले. तेव्हा दुसरा शेरा आला : बालिका रुळली आहे, आता भेटीची आवश्यकता नाही. महोदय, हे दोन्ही शेरे आपण एकदा मोठ्याने वाचावेत, ही विनंती.

४. गेल्या आठवड्यात थोरली शाळेतून परस्पर निघाली आणि विचारत विचारत शिशुगृहाच्या फाटकाशी पोचली. पहारेकऱ्याला म्हणाली, "काका, मला आत नका सोडू. तिला नुसतं खिडकीत आणा, मी इथूनच बघते." त्या भल्या माणसाने मला फोन केला आणि धाकटीला बाहेर आणवले. मी धापा टाकत पोचले तेव्हा धाकटी आतून फाटकाच्या गजांना धरून उभी होती. इतके दिवस मुकी असलेली ती पोर बहिणीचा चेहरा चाचपत म्हणाली, "ताई, तू मेली नाहीस?"

ही आपली रुळलेली बालिका.

५. या प्रकाराची आपल्या दप्तरी नोंद अशी : 'मुलगी पळून गेली, शिस्तीची गरज.' येत्या शुक्रवारी तिला परगावच्या संस्थेत हलवायचा आदेशही निघाला. पहारेकऱ्याला नोटीस मिळाली. आठवडा झाला, पण ताई जिवंत आहे हे धाकटीला पुन्हा कोणी सांगितलेले नाही. मी शिशुगृहात फोन केला तर उत्तर मिळाले, "तसं सांगायचा आदेश नाही."

६. आमच्या मुकादम बाईंनी त्यांच्या घरामागची खोली मला देऊ केली आहे. खिडकी आहे, नळ आत आहे. आपला माणूस आजच पाठवून पाहणी करावी. तोवर बदली रद्द करून दोघींना एका छपराखाली ठेवावे. नियमात बसत नसेल तर नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे मला घेऊन चला, मी बोलते.

७. शुक्रवारी मी रजा टाकली आहे. धुलाईखान्यातल्या बाकी बायकाही येणार आहेत. आम्ही आरडाओरडा करणार नाही. बालगृहाच्या दारात, आपल्या गाडीच्या चाकांपुढे बसू. थोरलीला न्यायचे असेल तर आपण स्वतः यावे आणि आम्हाला एकेकीला हाताने उचलून बाजूला करावे.

दोघींची आत्या
(सही)
सोमवार

सोबत : भाऊ व वहिनी यांचे मृत्यूचे दाखले, मुकादम बाईंचे संमतिपत्र.