कंट्रोल नंबर सतरा

४ ऑगस्ट
कंट्रोल पुन्हा कमी पडले. ज्यांना पुढे भास-भ्रमाचा आजार होईल अशी भीती आहे ती पोरं विभागात रोज येतात. पण तुलनेसाठी धडधाकट माणूस कशाला रक्त देईल? शेवटी आज मुग्धालाच लॅबमध्ये घेऊन गेले. एकोणीस पूर्ण, सही स्वतःची. "आई, मतलब माझं ब्लड फ्रीजमध्ये राहणार?" उणे ऐंशीत, म्हटलं. खूश झाली. फॉर्म मीच भरला. कुटुंबात कुणाला मानसिक आजार? नाही. पेन अडखळलंसुद्धा नाही. लेबल लावलं, सी-१७.

५ ऑगस्ट
त्या 'नाही'बद्दल. माझं लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, कुणी विचारलं तर दादा काविळीनं गेला म्हणायचं. त्यानं जीव दिला हे अविला आजही माहीत नाही. बावीस वर्षं नवऱ्याला जे सांगत आले तेच फॉर्मवर लिहिलं. इतकी सवय.
दुरुस्त करायला हवं. करीन.

२१ नोव्हें.
केलं नाही. आज निकाल आले. धोक्याच्या गटातली जी मुलं गेल्या काही वर्षांत खरंच आजारी पडली, त्यांचे ठिपके आलेखात एका कोपऱ्यात. बाकी सगळे लांब. सी-१७ त्या कोपऱ्यात.
सर म्हणाले, "मैडम, ये वाला ग़लत जगह बैठा है. फ़ैमिली हिस्ट्री दोबारा पूछ लीजिए." नंबर कुणाचा ते त्यांना ठाऊक नाही. म्हणजे मीच मला फोन करायचा.

२२ नोव्हें.
पालकांना मी नेहमी सांगते, हे अजून संशोधन आहे, एका चाचणीवरून एका माणसाचं काही ठरत नाही, साध्या सर्दीनंही आकडे वर जातात. यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. आज स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग शून्य. ते बिचारे कसं ऐकून घेत असतील.
अविला विचारलं, ऑगस्टमध्ये मु.ला सर्दी होती का? "ऑगस्टमधली सर्दी कोण लक्षात ठेवतं?"

२६ नोव्हें.
मु.वर पाळत ठेवतेय. लाज वाटते. दार लावून बसते, अभ्यासच करत असेल. दोन दिवस गोपालपुऱ्याला क्लासला गेली नाही. "मुली माझ्या मागे बोलतात." बोलत असतीलही, मेडिकलचा दुसरा प्रयत्न म्हटल्यावर. जेवण अर्धं. केस विंचरलेत का, बघते. दादाच्या वेळी आम्हाला काहीच दिसलं नाही, आता सगळंच दिसतंय आणि त्यातलं खरं कुठलं ते

२८ नोव्हें.
सरांना सांगितलं, सी-१७च्या मामाला आजार होता. एवढंच. "अच्छा, फिर तो वो कंट्रोल था ही नहीं." यादीतून काढून टाकलं. आलेख एकदम स्वच्छ दिसायला लागला. सर खूश.
घरी येऊन रडले. अविला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं त्याच्या फोटोला हार घालतोय मी, आणि तू..." जेवताना म्हणाला, मु.ला सांगून टाक. तिला तरी खरं सांग.

३० नोव्हें., रविवार
कानोत्याच्या धरणावर गेलो. अवि कचोऱ्या आणायला मुद्दामच लांब गेला. मु.ला सांगितलं. मामाला कावीळ नव्हती. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायचे. "पाह्य ना, मले कोणी बोलावून राह्यलं," म्हणायचा आणि आम्ही हसायचो. रक्ताचंही सांगितलं, त्यावरून तिचं काही ठरत नाही हेही दोनदा सांगितलं. ती पाण्याकडे बघत होती.
मग म्हणाली, "आई, मामाला एकाच कानात यायचे, की दोन्ही?"
ऐकीव गोष्टीवर असं कुणी विचारत नाही. इतक्या वर्षांत पेशंटांशिवाय कुणी विचारलेलं नाही. हात घट्ट धरला तिचा. उद्या सकाळी तिला डॉक्टरांकडे नेणार, यायला तयार आहे.
एकाच कानात, की दोन्ही? दादाला आम्ही कुणी ते विचारलंच नव्हतं.