खर्जाच्या वहीतला जादा विराम

नॉरिच, मायकेलमसचा सण होऊन गेल्यानंतरचा तिसरा शुक्रवार

परमप्रिय, परमदयाळू आणि (गाडीवानाकडून कळलं त्याप्रमाणे) माझ्यावर परम संतापलेले जेरोममामा यांस भाचा ॲम्ब्रोज फिंचमचा गुडघे टेकून नमस्कार. अक्षरशः टेकून; या खोलीत खुर्ची नाही. का नाही, ते पुढे येईल.

तुमचे सांधे कसे आहेत? एलीच्या दलदलीचा ओलावा पायाला बाधतो असं तुम्ही दर हिवाळ्यात म्हणता आणि दर हिवाळ्यात तिथेच राहता. मामींना माझा आदर कळवा. त्यांनी पाठवलेले खारवलेले ईल मासे पोचले. (बरणी निम्मीच भरलेली होती आणि गाडीवान फार तृप्त दिसत होता, एवढंच सांगतो, आरोप करत नाही.) माझं विचाराल तर जेवण जातं, झोप लागते, बाकी मी मरणाच्या दारात आहे.

केंब्रिज मी सोडलं हे खरं, पण मला काढलं ही शुद्ध अफवा आहे. काढायला ते येत होते. त्यांच्या आधी मी निघालो. झालं एवढंच की आमचे तर्कशास्त्राचे गुरुजी भर वर्गात म्हणाले, की गाणं म्हणजे न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांनी आपली पाळी येईपर्यंत करायचा उद्योग. मामा, तुम्ही मला मांडीवर घेऊन सूर लावायला शिकवलंत. मी ते ऐकून घ्यायचं? हाताशी जो ग्रंथ होता तो मी भिरकावला. ग्रंथ जाड निघाला, हा माझा दोष नाही, लिहिणाऱ्याचा आहे. (आईला यातलं काही सांगू नका. तिला अजून वाटतंय मी वादविवादात चमकतोय. एका अर्थी खोटं नाही.)

तर नॉरिचला आलो आणि ऑगस्टीन लिंगवुड यांच्या घरी लेखनिक म्हणून राहिलो. हे गृहस्थ जहाजं भरभरून लोकरीचे तागे परदेशी धाडतात आणि परत येणाऱ्या प्रत्येक कप्तानाला पहिला प्रश्न विचारतात, ‘गाणी आणलीस?’ व्हेनिसची मॅड्रिगलं (चार-पाच आवाजांनी मिळून गायची प्रेमगीतं), लंडनमधल्या आपल्या लोकांनी त्यांच्यावर कडी करायला रचलेली मॅड्रिगलं, चर्चमधली जुनी लॅटिन मोटेटं, जे मिळेल ते उसनं आणायचं आणि आपल्या कागदावर उतरवून घ्यायचं. मिरी-दालचिनी कुलुपात ठेवतात तसं यांच्याकडे संगीत कुलुपात आहे. प्रत्येक आवाजाची वही वेगळी, चामड्यात बांधलेली. आपल्या वहीत आपलं तेवढं दिसतं, दुसऱ्यांचं काय चाललंय ते कानांनी ओळखायचं. जेवणाची ताटं उचलली की वह्या वाटल्या जातात आणि पाहुण्यानं ‘मला येत नाही’ म्हटलं, की लिंगवुड त्याच्याकडे असं बघतात जणू त्यानं चमचा खिशात घातलाय.

या वह्या उतरवण्याचं काम माझं, आणि उतरवलेली प्रत्येक वही मूळ वहीशी ताडून बघण्याचं काम त्यांच्या मुलीचं. मामा, आता जरा सावरून बसा. तिचं नाव थॉमसिन. ती सर्वांत वरचा आवाज गाते. तो आवाज ऐकल्यावर मी एक अख्खं पान उलटं उतरवलं होतं. ती हातात चाकू घेऊन येते (चूक खरवडण्याचा, पण धार असते), माझ्या पानावर वाकते, चूक दिसली की करकर करत खरवडते, वर फुंकर मारते आणि म्हणते, “फिंचम, या सुराला शेपूट कुणी दिली? उंदीर आहे का तो?” त्या फुंकरेसाठी मी मुद्दाम चुका करू लागलो. नंतर मुद्दाम कराव्या लागेनात, आपोआप होऊ लागल्या.

आता काटा. काट्याचं नाव रडरहॅम. हाही लोकरीतलाच. गळ्याऐवजी पिंप बसवल्यासारखा खर्ज लावतो आणि गाताना हलत नाही, डोलत नाही, भिंतीसारखा शेवटपर्यंत उभा. लिंगवुडांना हेच आवडतं. त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, की मायकेलमसच्या मेजवानीला नवं इटालियन मॅड्रिगल काढू, आणि जो आपली ओळ न हरवता शेवटाला पोचेल त्याच्याशीच थॉमसिनबद्दल बोलणं करू. ज्याला पाच माणसांत आपली जागा सांभाळता येत नाही, तो संसारात काय सांभाळणार? मला मधला आवाज, रडरहॅमला खर्ज. मी हरवलो असतो असं नाही मामा. पण तो हरवणार नाही याची मला खात्री होती, आणि तेच सहन होईना.

ते मॅड्रिगल असं आहे: त्यात प्रियकराला काम एकच, मरणे. पाचही आवाज आळीपाळीनं मरतात, पुन्हा उठतात, पुन्हा मरतात. मध्येच एका ठिकाणी सगळे एकदम गप्प होतात. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. प्रत्येक वहीत तिथे गप्प बसायची एक उभी काडी. रडरहॅमच्या खर्जाच्या वहीत त्या काडीच्या आधी मी तशीच आणखी एक काडी ओढली. बस्स. म्हणजे शांतता संपून सगळे पुढे निघतील तेव्हा हा भिंतराव आणखी गप्प बसेल, आणि नंतर शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागे धापा टाकत मरत राहील. (तुम्ही कपाळाला हात लावलेला मला इथून दिसतोय.)

मेजवानीच्या दुपारी हंस संपला, बोटं पुसून झाली, वह्या आल्या. आणि लिंगवुड उठून म्हणाले, “आज जागा बदलायच्या! आपापली ओळ तर पोपटही गातो. रडरहॅम, तू मधला आवाज घे. ए फिंचम, खर्ज तुझा!”

मामा, माझीच वही माझ्या हातात आली. मी म्हणालो घसा बसलाय. त्यांच्या विधवा बहीण डॉर्कसआत्या म्हणाल्या, “बसलाय तर उत्तम, खर्जाला बसलेलाच लागतो.” सुटका नव्हती. मग मी मनाशी ठरवलं: जागा येईल तेव्हा पहिली काडी माझी, ती सोडायची, दुसरी खरी, ती पाळायची. सोपं होतं. सुरुवातही झकास झाली. मी असा गायलो की रडरहॅमनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. आणि थॉमसिन समोर बसलेली, मरण्याची जागा आली की डोळे मिटून घ्यायची, त्यामुळे माझी एक नजर वहीत, एक तिच्यावर. जागा आली. पहिली काडी दिसली, सोडली. दुसरी शोधली. दुसरी नव्हतीच! समोर थेट सूर, आणि माझं तोंड आधीच उघडलेलं.

त्या गाढ, थोर, इटालियन शांततेत मी एकटा कोकलून मेलो.

सगळं थांबलं. रडरहॅम इतका हसला की त्याच्या गळपट्टीची इस्त्री मोडली. “काय हे कॉलेजकुमार, आम्ही मरेपर्यंत तरी थांबायचंस!” माझं डोकं फिरलं. मी वही टेबलावर आपटली आणि ओरडलो, “वहीच चुकीची आहे! हिचा लेखनिक गाढव आहे!”

“लेखनिक तूच आहेस,” लिंगवुड म्हणाले.

यानंतर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, की इथे एक काडी जास्त आहे, ती मी सोडली, म्हणून असं झालं. लिंगवुडांनी चष्मा लावून पाहिलं. काडी एकच. “जास्त कुठे आहे?” “होती!” “होती हे तुला कसं माहीत?” मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी हंसाच्या हाडांकडे पाहिलं. तेव्हा थॉमसिन शांतपणे म्हणाली, “होती, बाबा. गुरुवारी मी खरवडली. मला वाटलं नेहमीसारखी चुकून पडली असेल.” आणि मग माझ्याकडे बघून, “चुकूनच ना, फिंचम?”

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिच्यासमोर येईना. माझे कान माझ्याआधी लाल झाले आणि त्यांनी सगळ्यांना सगळं सांगून टाकलं.

मी बोचकं बांधायच्या विचारात होतो, पण लिंगवुडांनी अजब केलं. पाचही वह्या मागवल्या, फरशीवर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि गुडघ्यांवर रांगत एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत बोट फिरवू लागले. (पाच आवाज एकत्र बघायचे तर दुसरा उपाय नाही.) कोपरांना हंसाची चरबी लागली तरी रांगणं चालू. शेवटी खालूनच म्हणाले, “हरामखोरानं नेमकी तीच जागा काढलीय, जिथे एक पाडला की चार आपोआप पडतात! एक वही बघून हे सुचत नाही. याच्या डोक्यात पाचही आवाज एकदम वाजतात. डॉर्कस, हा बदमाश आहे, पण असा बदमाश नॉरिचमध्ये दुसरा नाही.” मग उठले आणि शिक्षा सांगितली: टेबलावर गाणं बंद, खुर्ची बंद, कारण आरामात बसलेला लेखनिक चुका करतो, आणि घरातली सगळी मोटेटं एकही चूक न करता उतरवून झाल्याशिवाय थॉमसिनबद्दल तोंड उघडायचं नाही. रडरहॅमला मात्र दर रविवारचं जेवणाचं आमंत्रण. तो शेवटाला पोचला असता, असं ते म्हणाले. पोचला असता! यावर लग्नं ठरतात!

तेव्हापासून गुडघ्यांवर बसून लिहितो आहे. ती रोज येते, तपासते, खरवडते. फुंकर मारते, पण बोलत नाही. परवा एका पानात चूक सापडली नाही तर पान उलटून मागचं बघितलं. मामा, तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. मला पाच आवाज ऐकू येतात, हा एक येत नाही. लग्न झालं नाही तर मी फ्लँडर्सच्या युद्धावर जाईन, नाहीतर केंब्रिजला परत. दोन्ही सारखंच.

तुमचा पाय जपा. मामींच्या बदकांना सुख असो.

आज्ञाधारक (यापुढे),
ॲम्ब्रोज

ता. क. पत्र घेऊन आलेल्या गाडीवानाच्या गाडीत एक रिकामी पेटी आहे. तुमच्या माळ्यावर जवाच्या पोत्यांमागे जुनी लॅटिन मोटेटं आहेत, आणि कुणी विचारलं की तुम्ही ‘पोती झाकायचा कागद’ म्हणता. ती सगळी मी लिंगवुडांना उतरवून घ्यायला कबूल केली आहेत. प्रायश्चित्त म्हणून. तुम्ही आनंदानं देताय असंही सांगितलंय, तेव्हा पेटी भरताना चेहरा आनंदी ठेवा. गाडीवान बघून येऊन सांगणार आहे.

ता. क. दुसरं. आत्ता ध्यानात आलं, की माझ्या हातून लिहिलेलं काहीही थॉमसिनच्या तपासणीशिवाय घराबाहेर जात नाही, आणि पत्राला लाखही तीच लावते. वर तिच्याबद्दल जे लिहिलं ते आता खोडता येत नाही, शाई वाळली. देवा.

ता. क. तिसरं, दुसऱ्या हाताचं. आदरणीय जेरोममामा, पत्र तपासलं. शुद्धलेखन बरं आहे, हकिकत बहुतेक खरी आहे. त्याला माहीत नाही ते एवढंच: रडरहॅमना मी मायकेलमसच्या संध्याकाळीच नाही म्हणून सांगितलं, रविवारी ते येतात ते डॉर्कसआत्यांसाठी, आणि आत्या त्या दिवशी केस धुतात. मी बाबांशी बोलले, बाबा गेल्या रविवारी हो म्हणाले. ॲम्ब्रोजला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. कळलं तर तो एक ओळ सरळ लिहिणार नाही आणि बाबांना मोटेटं हवी आहेत. तरी पेटी एकटी पाठवू नका, मागोमाग तुम्ही आणि मामी या, आणि त्याच्या आईला वाटेत थोडं थोडं करून सांगा. वराकडचं कुणीतरी हवंच, आणि आमच्याकडे मधल्या आवाजाला माणूस कमी आहे. आता मी पत्राला लाख लावते. तो दाराशी उभा आहे आणि चेहरा बघून मला हसू आवरत नाहीये. थॉमसिन.