घोडीच्या शेपटीचा केस आणि माझं न ठरलेलं दुसरं लग्न

पाटोदा, रविवार

प्रिय सतीशराव यांना नवनाथ दाजीचा सप्रेम जयभीम.

तुमी सगळे खुशाल असाल. मामींचे गुडघे कसे हायत? यशोधरा शाळा बुडवून आजोळी मजा करतीय का? तुमची बहीण कशी हाय हे विचारायची सध्या माझी टाप न्हाई, तुमीच आपणहून कळवा. तुमी फोन उचलंना, म्हणून हे पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. ते तुमीच फोडायचं, मजकूर पुरुषांपुरता हाय.

सतीशराव, आधी आनंदाची बातमी! मी दुसरं लग्न करत न्हाई! आन मला कॅन्सर बी न्हाई! (दोन्ही आधीच सांगितलं, न्हाईतर पत्र अर्धं वाचून चुलीत घालाल.)

झालं असं, की दिवाळीच्या सुमारास मला नको त्या जागी चामखिळी आल्या. जागा ओळखा; चारचौघांत खाजवता बी येत न्हाई. एक असती तर सोडून दिलं असतं, पण त्यांनी तिथं वस्तीच केली. मी लई भ्यालो. हा कॅन्सरच, आन तुमच्या बहिणीला, पौर्णिमेला, लागला तर? म्हणून तिला न सांगता मोटार दुरुस्तीच्या दुकानात झोपायला लागलो, म्हणलो चोऱ्या वाढल्यात. (जळक्या मोटारी कोण चोरतंय?) तिचा पहिला संशय तिथलाच असंल.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती गळून पडती, हे तुमाला सांगायला नको, तुमच्या मानेवर मामींनीच बांधलता. म्हणून लिंबागणेशला राधाकिशनच्या वरातीच्या घोडीकडं गेलतो. केस कावून पाहिजे म्हणला असता तर सांगणार काय? म्हणलो, लग्नासाठी घोडी बघायचीय. तो म्हणला, नवरदेव कुठाय? माझ्या तोंडातून निघून गेलं, मीच की! मग त्यानं मला वर बसवलं, घोडी नाचवली, त्याची बायको बायनाबाई चहा देता देता नवरीचं गाव विचारायला लागली. उतरल्या उतरल्या मी कौतुकानं घोडीच्या मागं गेलो आन शेपटीला हिसका दिला. घोडीनं बी माझं कौतुक केलं. शेणात पडलो सतीशराव, पण मुठीतला केस सोडला न्हाई! आता त्या बायनाबाईचं माहेर नेमकं तुमचंच सिरसाळा निघावं? तिचा फोन माहेरी, तिथून मामींना, मामींचा पौर्णिमेला. मी लंगडत घरी पोचलो तर दाराला कुलूप.

केस बांधला तर नुसती आग व्हायला लागली. शेवटी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर बाई! म्हणलो, माझ्या मित्राला आल्यात. बाई म्हणल्या, मग मित्राला पाठवा. मी बाहेर गेलो, दारातल्या लिंबाच्या झाडाला एक चक्कर मारली आन मित्र म्हणून परत आत आलो. त्या हसल्या न्हाईत, एवढे उपकार. केस कात्रीनं कापला, औषध लावलं, आन समजावून सांगितलं. हे एचपीव्ही नावाच्या विषाणूचं काम! संबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. लई लोकांच्या अंगात येऊन जातो, पत्ता बी लागत न्हाई. वर्षानुवर्षं गुपचूप बसून मग डोकं वर काढतो, म्हणून कुणाकडून कुणाला आन कधी आला, हे डॉक्टरला बी सांगता येत न्हाई. कुणी कुणावर बोट दाखवायचं कामच न्हाई! त्याच्या जाती लई (विषाणूत बी जाती हायत, घ्या!), चामखिळीवाली सहसा कॅन्सर करत न्हाई. कॅन्सरवाली वेगळी, पण बायांनी गर्भाशयाचं तोंड तपासून घेतलेलं बरं. चामखिळी परत उगवतील कदाचित, तरी भ्यायचं न्हाई. मला तर बाईंच्या पाया पडावं वाटलं.

मामींना जयभीम सांगा.

आपला,
नवनाथ दाजी

ता.क. यशोधरेच्या वयाच्या पोरींना याची लस मिळती. मामी नको म्हणतील, त्यांना कॅन्सर टाळायची लस म्हणून सांगा, त्यात खोटं काहीच न्हाई.

ता.क. दुसरा. पौर्णिमे, भावाचं पाकीट तूच आधी फोडतीस, म्हणूनच त्याच्या नावावर धाडलं. तुझ्या नावावर असतं तर न फोडताच फाडलं असतंस. तुला सांगायला पाहिजे होतं, घोडीला न्हाई. तुझ्यावाचून घर खायला उठलंय, ये गं. गुरुवारी बाईंनी दोघांना बोलावलंय. या वेळेस मी मित्राला आणणार न्हाई.